मिस इंग्रिडची मागची खोली

आईने तिला पहिल्यांदा पाहिलं ते सुपरमार्केटात, भाजीपाशी. सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठ वसाहतीत तेव्हा मराठी घरं अगदी मोजकी होती. त्यामुळे नवा मराठी चेहरा दिसला की आईला राहवायचं नाही. समोरची बाई चाळिशीची, सावळी, पाठीवर जाड वेणी, कपाळ आमच्या सांगलीच्या मावशीसारखं रुंद. एका हातात कोथिंबीर आणि दुसऱ्या हातात पार्सली धरून ती दोन्हींचा आळीपाळीने वास घेत होती. आई सरळ मराठीत म्हणाली, "ही घ्या, ही कोथिंबीर. तुम्ही पुण्याच्या का?"

बाईने इंग्रजीत माफी मागितली आणि सांगितलं की ती नॉर्वेची आहे. आईला वाटलं, गंमत करतेय. ती हसली आणि पुन्हा मराठीतच काहीतरी बोलली. मी ट्रॉलीला धरून मागे उभी होते. मला तिथून निघायचं होतं. "आई, चल ना," मी हळूच म्हटलं. बाईला ते ऐकू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

हे बघणं मला पाठ होतं. मी तान्ही असताना पुण्यातल्या एका संस्थेतून आईबाबांकडे आले. मला जन्म देणारी बाई मणिपूरहून पुण्याला कामासाठी आलेली होती, एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. माझे डोळे, गाल, सरळसोट केस, सगळं तिकडचं. नाव मात्र सई, आणि घरातली भाषा सांगलीची. पुण्यात लोक मला नेपाळी समजायचे. सौदीत तर चेहऱ्यावरून माणसाचं काम ठरतं. जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, खरेदीला गेलो की दुकानदार मला "कबायान" म्हणून हाक मारायचे, फिलिपिनो गिऱ्हाइकाला मारतात तशी, आणि आईला विचारायचे, "मॅडम, आया की बेटी है?" आई "नहीं, मेरी है" म्हणायची. तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती पुढे संस्था, कोर्ट, मी किती लहान होते, सगळं सांगत सुटायची. दुकानदार माना डोलवायचे आणि मी चपलांच्या रांगेकडे बघत उभी राहायचे.

या बाईचं बघणं तिथवर आलं आणि अडखळलं. तिचे कान एकदम गडद झाले. "मला आता लाज वाटतेय," ती म्हणाली. "एक मिनिट थांबा." आणि ती खरोखरच कोथिंबीर हातात धरून गप्प उभी राहिली. आम्हीही थांबलो, दुसरं काय करणार? मग तिने श्वास सोडला आणि सांगितलं की तिचा जन्म मिरजेचा. बाळ असतानाच ती नॉर्वेतल्या एका कोळ्यांच्या गावात दत्तक गेली. मराठी किंवा हिंदी येत नाही, त्यामुळे भेटणाऱ्या प्रत्येक भारतीयाची निराशा होते. आणि लोक तिच्याकडे जसं पाहतात तसंच आत्ता तिनेही माझ्याकडे पाहिलं, म्हणून लाज वाटली.

घरी येईपर्यंत आईने तिचं नॉर्वे सोडून दिलं होतं. "मिरजेची," ती बाबांना म्हणाली. "म्हणजे आपल्या शेजारचीच की."

मिस इंग्रिड वसाहतीतल्या शाळेची ग्रंथपाल म्हणून आली होती. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन असताना ती लायब्ररीच्या एसीत घरी विणलेले लोकरी मोजे घालून बसायची. थर्मासमध्ये बिनदुधाची कॉफी. डब्यात ब्रेड आणि तपकिरी रंगाचं गोड चीज, जे आईने एकदाच चाखलं आणि "गूळ घातलेला साबण" असं त्याचं वर्णन केलं. भर दुपारी ती टोपीशिवाय चालत जायची आणि सांगायची की लहानपणी वाट्याला न आलेलं ऊन ती वसूल करतेय. भारतीय ड्रायव्हर, माळी, कँटीनवाले तिच्याशी हिंदीत बोलायचे. ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मग त्यांचे चेहरे बंद व्हायचे. बलदमध्ये रत्नागिरीच्या एका अत्तरवाल्याने तिला "बाय, गाव खंयचा तुजा?" असं इतक्या मायेने विचारलं की ती रडवेली झाली, आणि तिला काही कळलं नाही हे पाहून तो रागावला. चार पैसे आले की माणसं आपली भाषा विसरतात, असं तो शेजारच्या दुकानदाराला म्हणाला. ते मी तिला सांगितलं नाही. पण तो काय म्हणाला असेल हे तिला कळलं होतं. असं आधी कितीदा झालं असेल कोण जाणे.

एकदा लायब्ररीत तिने मला विचारलं, पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालता येतात का. मी नाही म्हटलं. "छान," ती म्हणाली, "मंगळवारी शाळा सुटल्यावर मागच्या खोलीत ये." आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहितेय.

मागच्या खोलीत लांब टेबल होतं आणि त्याभोवती माझ्याच वयाची चार मुलं. टेस्फा इथिओपियात जन्मलेला, आईवडील डच, समुद्रातल्या प्रवाळांवर संशोधन करणारे. सोफिया चीनमधली, घर स्पॅनिश. अमेरिकन घरातली दोन भावंडं होती, एक कोलंबियाचं, एक कोरियाचं. मी दारातच थबकले. इथे का बोलावलंय हे कुणी न सांगताच कळलं होतं, आणि माझं तोंड लाल झालं. वाटलं, कुणीतरी माझी पाटी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. टेस्फाने मान वर न करता शेजारची खुर्ची सरकवली.

पद्धत अशी होती. प्रत्येकाने हातात एक पुस्तक घ्यायचं आणि कव्हर घालत राहायचं. बुडबुडा राहता कामा नये, म्हणजे नजर सतत खाली. त्या आठवड्यात कुणी काही विचारलं असेल तर तो प्रश्न सांगायचा. बाकीच्यांनी आपण काय उत्तर दिलं असतं ते सांगायचं. समजूत घालायची नाही आणि बिचारा, बिचारी म्हणायचं नाही. मिस इंग्रिड दाराशी, आमच्याकडे पाठ करून, फाटलेली पुस्तकं शिवत बसायची. ती कधी उत्तर द्यायची नाही. मोठ्यांची उत्तरं मोठ्यांच्या उंचीची असतात, असं ती म्हणायची, मुलांच्या अंगावर ती ढगळ होतात.

टेस्फाला गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं होतं की तुझे आईवडील गोरे कसे. आम्ही उत्तरं सुचवली. ते आधी माझ्यासारखेच होते, फार धुतले गेले. मला ओव्हनमध्ये विसरले होते. सोफिया म्हणाली, त्यालाच विचार की तुझे आईवडील तुझ्यासारखे का दिसतात, काही अडचण आहे का. आम्ही खदाखदा हसलो. हसता हसता टेस्फा म्हणाला, "मी तर त्याला म्हटलं की मी त्यांच्याकडे पाहुणा आलोय." हसणं थांबलं. सगळ्यांनी आपापले बुडबुडे दाबले. असं उत्तर आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी दिलेलं होतं.

मी बरेच मंगळवार काहीच बोलले नाही. घरी मी लायब्ररीच्या मदतीला जाते असं सांगितलं होतं. आई खूश होती. ही पोर कुठेतरी जाते, मुलांत बसते, हेच तिला पुष्कळ होतं. खोलीत काय चालतं हे तिला सांगणं म्हणजे मला तिच्याबरोबर चालायची लाज वाटते हे सांगणं होतं. बाबा नेहमी अभिमानाने म्हणायचे, "आपल्या घरात सख्खं-दत्तक असं कधी काही नव्हतंच." ते वाक्य मोडायची माझी हिंमत नव्हती.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. ते दरवर्षी कुलकर्णी काकूंकडे असायचं, पडदे ओढून, आवाज बेताचा ठेवून. आईने मिस इंग्रिडला नेलं. "मिरजेची आहे," एवढीच ओळख करून दिली. बायकांनी आधी तिला शिष्ट ठरवलं, मग सगळं कळल्यावर गहिवरून तिला तिळगुळाचे लाडूच लाडू दिले. ती पँटमध्ये आली होती. काकूंनी तिच्या गळ्यात ओढणी अडकवून ओटी भरली: तांदूळ, सुपारी, खण, सुपरमार्केटातला सोललेला नारळ. मिस इंग्रिड ओटी सांभाळत, डोळे मोठे करून बसली. सगळ्या बायका तिच्याकडे बघतायत, म्हणजे आता आपण काहीतरी करायचं आहे, असं तिला वाटलं असावं. ती उठली, आणि नॉर्वेत वाढदिवसाला खेळ खेळताना वस्तू शेजाऱ्याकडे सरकवतात तशी सगळी ओटी शेजारी बसलेल्या माझ्या आईच्या पदरात ओतली.

मिस इंग्रिडचे कान गडद झाले. काकूंनीच सावरलं. हसून म्हणाल्या, "असू दे गं. तुझी दुहेरी भरली म्हणायची. यंदा तरी घरचं होऊ दे."

दरवर्षी काकू आईला थोड्या वेगळ्या शब्दांत हेच म्हणायच्या. वाईट मनाने नाही. आई दरवर्षी मान खाली घालून "बघू" म्हणायची. तेव्हाही म्हणाली. मी समोर वाटीतले हलव्याचे दाणे रंगांप्रमाणे वेगळे करत होते.

"काय म्हणाल्या त्या?" मिस इंग्रिडने मला विचारलं. तिने माझा चेहरा पाहिला होता.

"तुम्ही छान केलंत म्हणाल्या."

पुढच्या मंगळवारी मी बोलले. पुस्तकावर प्लॅस्टिक ताणत म्हटलं की माझ्याकडे प्रश्न नाही, एक वाक्य आहे, आणि ते मला कुणी म्हटलेलं नाही. मिस इंग्रिड पाठमोरीच म्हणाली, "आधी त्याच भाषेत म्हण. जसं म्हटलं गेलं तसं." मी म्हटलं. कुणाला कळलं नाही, तरी सगळे थांबले. मग मी त्याचं इंग्रजी केलं. घरचं मूल होऊ दे. सोफियाने विचारलं, मग तू कुठली? टेस्फाला काकूंचाच राग आला. अमेरिकन मुलगा म्हणाला की त्याचा प्रश्न वेगळाच आहे: "तुझी आई काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

मिस इंग्रिडची सुई थांबली होती. माझं पुस्तक त्या दिवशी वाकडं झालं. तिने ते तसंच फडताळात लावलं.

त्याच सुमारास घरोघरी एकच विषय होता. परदेशी माणसांच्या नोकऱ्या आता सौदी लोकांना द्यायच्या होत्या. कुणाचं कंत्राट वाढलं नाही, कुणी सामान विकायला काढलं, हे बाबा रोज जेवताना सांगायचे. वसाहतीतल्या फळ्यावर सोफे, सायकली, मत्स्यपेट्यांच्या जाहिराती दाटल्या. लायब्ररीचीही पाळी आली. जेद्दाची हनान नावाची तरुण मुलगी मिस इंग्रिडच्या हाताखाली शिकायला आली. ती अबायाखाली भडक बूट घालायची आणि कागद कापायच्या यंत्राला भ्यायची. शिकून झालं की जागा तिची, मिस इंग्रिडने जायचं. आई हळहळली तेव्हा मिस इंग्रिड म्हणाली, "देश तिचा आहे. निदान पुस्तकांची कपाटं तरी तिला मिळू देत." तिने हनानला मन लावून शिकवलं. फक्त मंगळवारी मागच्या खोलीत तिला येऊ दिलं नाही. ते मुलांनी ठरवायचं, म्हणाली.

जाण्याआधी तिने मुख्याध्यापकांकडे जाऊन ती खोली आपल्यामागे आम्हाला राहू द्यावी अशी विनंती केली. त्यातूनच पेच झाला. खोलीत मुलांना एकत्र बसवून काय बोललं जातं हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. मुख्याध्यापकांचं म्हणणं साधं होतं: पालकांनी समोर येऊन सांगावं की हे त्यांना माहीत आहे आणि हवं आहे. सगळ्यांच्या घरचं कुणी आलं तर चालू ठेवू. एका जरी घराला ठाऊक नसेल तर बंद.

मिस इंग्रिडने ते आम्हाला सांगितलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच टेबलाशी बसली. बाकीच्यांच्या घरी माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत नव्हते, इतकं ठरवून बघत नव्हते की मला ते बोचलं. मी तिला म्हटलं, तुम्हीच आईला सांगा ना, ती तुमचं ऐकते. ती नाही म्हणाली. मी विचारलं का, तेव्हा ती आधी मोजे वर ओढत बसली आणि मग तिने एक गोष्ट सांगितली.

ती दहा वर्षांची असताना शाळेत वर्गाचा फोटो काढला. फोटोवाल्याने उजेड गोऱ्या चेहऱ्यांच्या हिशेबाने धरला होता. फोटो आला तेव्हा सगळी मुलं दिसत होती, आणि तिच्या जागी एक काळा डाग आणि दात. तिच्या आईने तो फोटो चौकट करून बैठकीत लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची, ही आमची इंग्रिड. "तिला खरंच मी दिसत होते," मिस इंग्रिड म्हणाली. "मला दिसत नव्हते. हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती दुखावेल असं वाटायचं. मग ती वारली. मी सांगितलं असतं तर तिने फोटो उतरवला असता, एवढंच. फार तर रडली असती." तिने मोज्याचा सुटलेला धागा आत खुपसला. "आता मला लाज वाटतेय. एक मिनिट."

आम्ही ते मिनिट थांबलो.

तरीही मी आईला सांगू शकले नाही. सभेच्या दिवशी फक्त म्हटलं, मिस इंग्रिडने लायब्ररीत बोलावलंय. आईला वाटलं, निरोप समारंभ. ती चांगला ड्रेस घालून, बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात घेऊन निघाली. वाटेत सांगत होती की मिरजेचं माणूस रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. मी तिच्या मागे दोन पावलं चालत होते.

खोलीत टेबलाभोवती सगळे बसले होते. टेस्फा आणि त्याचे उंच, भुरे आईबाबा. सोफियाच्या शेजारी तिची कुरळ्या केसांची आई. अमेरिकन जोडपं, मधे दोन मुलं. आई हसत आत आली, "हॅलो, हॅलो" म्हणाली, आणि डबा ठेवायला जागा शोधू लागली. मग तिची नजर एका घरावरून दुसऱ्या घरावर गेली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिने मुलांकडे पाहिलं, त्यांच्या शेजारच्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी माझ्याकडे. कुणी काही सांगितलं नव्हतं. मी माझ्या बुटांकडे बघितलं. आई खाली बसली आणि डबा तिने मांडीवर ठेवला.

मुख्याध्यापकांनी मिस इंग्रिडला विचारलं की अशा कामाचं तिचं शिक्षण काय. तिचे कान गडद झाले. "मला लाज वाटतेय," ती म्हणाली. "एक मिनिट द्या." इतक्या मोठ्या माणसांसमोर ती तशीच बसली, आणि आम्ही पाचही मुलं सवयीने खाली बघत थांबलो. मुख्याध्यापक घड्याळाशी चाळा करू लागले. मग ती म्हणाली की शिक्षण काही नाही. ती लहान होती तेव्हा तिच्या गावात विचारायला दुसरं कुणी नव्हतं, आणि इथे पाच जण आहेत.

एकेका घराने आपलं सांगितलं. टेस्फाचे बाबा लांबलचक बोलले. आईची पाळी शेवटी आली. तिचं इंग्रजी चांगलं होतं, पण माणसांसमोर ती ते जपून वापरायची.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी मान हलवली.

"मला वाटायचं, ही पुस्तकांना कव्हरं घालते." कुणीतरी हलकंसं हसलं. आई हसली नाही. "घरी ती काही बोलत नाही. मला वाटायचं, बोलण्यासारखं काही नसेल." तिने डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. "इथे बोलत असेल तर ही खोली बंद करू नका. मला नाही सांगितलं तरी चालेल."

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे न बघता बोलली. खोली राहिली. पुढची दोन वर्षं, आम्ही एकेक करून ती वसाहत सोडेपर्यंत, मंगळवारी तिथे कव्हरं घातली जात होती आणि हनान दाराशी पाठ करून बसत होती. मिस इंग्रिड मात्र आम्ही सुट्टीला सांगलीला गेलो असताना निघून गेली. त्यामुळे मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी.

सभा संपल्यावर मी बाहेर गेले नाही. आईच्या शेजारी चालायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागलं असतं. मी लायब्ररीच्या मोठ्या काचेपाशी थांबले. बाहेर उन्हात, बसच्या थांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आई डबा घेऊन मिस इंग्रिडच्या मागे धावत गेली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आई बराच वेळ बोलत होती, मिस इंग्रिड ऐकत होती. मग मिस इंग्रिड काहीतरी म्हणाली आणि आईने पदर नसलेल्या ड्रेसच्या ओढणीने तोंड पुसलं. त्या काय बोलल्या हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि अजूनही विचारलेलं नाही. लांबून दोघी सारख्याच दिसत होत्या, तोच रंग, तीच उंची, पाठीवर वेण्या.

हनान काउंटरवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती सभेत नव्हती. एवढ्या लांबून तिलाही मिस इंग्रिड ओळखू येत नसावी; काचेतून बघत तिने सहज विचारलं, जसं कुणालाही विचारावं तसं, "त्यातली तुझी आई कोणती?"

"डावीकडची," मी म्हटलं.

उजवीकडची तेवढ्यात डबा काखेत धरून वळली आणि डोक्यावर काही न घेता उन्हातून बसकडे चालू लागली. चालता चालताच तिने झाकण उघडलं, एक लाडू काढला, आणि तो आख्खाच्या आख्खा तोंडात घातला.